पूंगुळलीचे वल्हे

तंजावरचे नाव निघाले म्हणजे मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे काही ठरावीक चित्रे उभी राहतात. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तेथे स्थापन केलेले राज्य, दुसऱ्या सरफोजीराजांनी वाढविलेला सरस्वती महाल ग्रंथसंग्रह, बृहदीश्वराच्या मंदिरात १८०३ साली शिळेवर कोरविलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास, आणि तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांची जुन्या वळणाची बोली. ही चित्रे खरी आहेत. परंतु ती बहुतांशी राजवाड्यातील आणि मंदिरातील आहेत. शहर मागे टाकून पूर्वेची वाट धरली की निराळाच प्रदेश सुरू होतो. कल्लणैच्या प्राचीन बंधाऱ्यापासून कावेरीच्या पाण्याला फाटे फुटत जातात. वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी, अरसलार अशी नावे घेत ते पाणी भाताच्या खाचरांतून पसरते. गाव, तळे, देऊळ, नारळीची रांग आणि पुन्हा गाव असा क्रम कोसच्या कोस चालतो. हा सगळा मुलूख पूर्वी एकाच तंजावर जिल्ह्यात मोडत असे. १९९१ साली त्यातून नागपट्टणम जिल्हा वेगळा झाला आणि पुढे त्याचे आणखी विभाग पडले. पण नदीने बांधलेली त्यांची एकी तुटलेली नाही.

या सुपीक मुलखाच्या अगदी दक्षिण टोकाला जमीन मिठागरांत, दलदलीत आणि काटेरी रानात विरत जाते. किनारा तेथे एकाएकी पश्चिमेकडे वळतो, आणि समोर पाल्कच्या सामुद्रधुनीपलीकडे लंका असते. या टोकाचे नाव कोडिक्करै. इंग्रजी नकाशांनी त्याला पॉइंट कॅलिमीर म्हटले. या गावात एक मुलगी राहत होती असे तमिळ वाचक गेली सत्तर वर्षे मानीत आले आहेत. ती दीपस्तंभाची देखरेख करणाऱ्याची लेक होती आणि एकटी होडी घेऊन समुद्रात जात असे. तिचे नाव पूंगुळली, म्हणजे जिच्या केसांत फुले आहेत ती. ही मुलगी कोणत्याही शिलालेखात नाही, कोणत्याही ताम्रपटात नाही. ती एका कादंबरीत जन्मली. तरीही स्त्रीच्या अंगच्या कसबाकडे आपला समाज कोणत्या दृष्टीने पाहत आला, याचा इतिहास सांगावयाचा झाल्यास या काल्पनिक मुलीला वगळून चालत नाही.

तिला जन्म देणारे लेखक रा. कृष्णमूर्ती हे 'कल्की' या टोपणनावाने प्रसिद्ध आहेत. त्यांचा जन्म १८९९ साली याच मुलखात, मायावरमजवळच्या पुत्तमंगलम या खेड्यात झाला. १९४१ साली त्यांनी सदाशिवम यांच्यासह 'कल्की' हे साप्ताहिक काढले, आणि त्यात १९५० च्या ऑक्टोबरात 'पोन्नियिन सेल्वन' ही कादंबरी क्रमशः छापावयास आरंभ केला. ती १९५४ पर्यंत चालली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात लेखकाचे निधन झाले. पोन्नी हे कावेरीचे तमिळ नाव. तेव्हा या शीर्षकाचा अर्थ 'पोन्नीचा पुत्र' असा होतो. हा पुत्र म्हणजे पुढे राजराज या नावाने गादीवर बसलेला चोळ राजपुत्र अरुळमोळी वर्मन. त्याने ९८५ ते १०१४ पर्यंत राज्य केले आणि तंजावरचे मोठे मंदिर बांधले.

त्याला हे नाव कसे पडले, याची कथा कादंबरीत सांगितली आहे. लहानपणी हा राजपुत्र नावेतून कावेरीत पडतो. राजाराणी हताश होतात. इतक्यात एक अनोळखी स्त्री त्याला पाण्यातून वर उचलून देते आणि दिसेनाशी होते. लोक म्हणतात, साक्षात कावेरीमाईनेच बालकाला वाचविले. पुष्कळ प्रकरणांनंतर उलगडा होतो की ती देवी नव्हती. ती मंदाकिनी नावाची मुकी स्त्री होती, आणि हीच पूंगुळलीची आत्या. अशा रीतीने या विशाल कादंबरीच्या नावाच्या मुळाशीच पोहता येणारी एक स्त्री आहे. तिने केलेले काम लोकांना इतके अशक्यप्राय वाटले की ते त्यांनी देवीच्या नावे जमा केले. स्त्रीच्या कसबाचा चमत्कार करून टाकावयाचा, म्हणजे ते शिकण्याचा आणि शिकविण्याचा प्रश्नच उरत नाही, ही आपल्याकडील जुनी रीत कल्कींनी येथे अचूक टिपली आहे.

पूंगुळलीचे वेगळेपण लक्षात येण्यासाठी तिच्या आधी तंजावरच्या रंगभूमीवर कोणत्या नायिका वावरत होत्या हे पाहिले पाहिजे. आणि तेथे मराठी राजांचा संबंध येतो. दुसरे सरफोजी १७९८ साली गादीवर आले. पुढल्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार कंपनी सरकारकडे गेला आणि राजांपाशी किल्ला व त्याच्या आसपासचा भाग तेवढा राहिला. उरलेली तीस-बत्तीस वर्षे त्यांनी विद्येच्या व कलेच्या सेवेत घालविली. त्यांच्या दरबारी कुरवंजी नावाचा नाट्यप्रकार भरभराटीस आला होता. या नाटकांची बांधणी ठरलेली असे. देवाची किंवा राजाची स्वारी निघते. स्त्रिया ती पाहावयास धावतात. नायिका चेंडू खेळत रंगमंचावर येते. स्वारीतील पुरुषाला पाहून ती मोहित होते. मग चंद्राला आणि वाऱ्याला दूषणे देत ती झुरू लागते. शेवटी डोंगरातून एक भटकी कुरवंजी येते. आपल्या डोंगराचे आणि फिरलेल्या देशांचे वर्णन करून ती नायिकेचा हात पाहते आणि मनोरथ पुरा होईल असे भविष्य सांगते.

कोट्टैयूरच्या शिवक्कोळुंदु देशिकर यांनी सरफोजीराजांवर 'सरभेंद्र भूपाल कुरवंजी' हे तमिळ नाटक रचले. बृहदीश्वराच्या मंदिरात उत्सवप्रसंगी देवदासी ते नाचून दाखवीत, आणि हा प्रघात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत टिकला. त्यातील नायिका मदनवल्ली हीदेखील परंपरेप्रमाणे चेंडू खेळते.

नायिकेची ही कंदुकक्रीडा आपल्या वाङ्मयात फार जुनी आहे. दंडीच्या 'दशकुमारचरिता'त राजकन्या कंदुकावतीच्या चेंडूच्या खेळाचे सविस्तर वर्णन येते. हा खेळ सोपा नव्हे. चेंडू एका तालात उसळता ठेवावयाचा, त्याच्याभोवती गिरक्या घ्यावयाच्या, हात बदलावयाचे, श्वास सांभाळावयाचा, यांसाठी खरे कौशल्य आणि दीर्घ सराव लागतो. परंतु कवीची नजर त्या कौशल्यावर फार वेळ ठरत नाही. ती कंकणांच्या किणकिणाटाकडे, सुटलेल्या केसांकडे, कपाळावरच्या घर्मबिंदूंकडे वळते. खेळणाऱ्या स्त्रीला त्या खेळातून काय मिळाले, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. आणि स्वारी दिसताच तिचा चेंडू हातातून सुटतो. पुढील सबंध नाटकात तो पुन्हा तिच्या हाती येत नाही.

त्याच मंदिराच्या भिंतीवर राजराजाने कोरविलेला एक लेख आहे. मंदिराच्या सेवेसाठी आणविलेल्या चारशे नर्तकींची नावे त्यात घरवार दिलेली आहेत. अकराव्या शतकाच्या आरंभी चारशे स्त्रिया स्वतःच्या नावांनी आणि स्वतःच्या कसबासाठी शिळेवर नोंदविल्या गेल्या, ही गोष्ट सामान्य नव्हे. मात्र पुढच्या शतकांत या स्त्रियांची कला आणि त्यांच्यावर असलेली इतरांची सत्ता यांची अशी काही गुंतागुंत होत गेली की १९४७ साली मद्रास सरकारला देवदासी वाहण्याची चाल कायद्याने बंद करावी लागली. चाल गेली ते योग्यच झाले. परंतु जिने वर्षानुवर्षे ते अवघड कसब अंगी मुरविले होते, तिच्या हातीही पुष्कळदा काहीच राहिले नाही. जे कौशल्य केवळ पाहणाऱ्याच्या मर्जीवर टिकते, त्याची मालकी कौशल्य असणाऱ्याकडे कधीच पुरती येत नाही, हा या प्रकरणाचा धडा आहे.

कुरवंजी नाटकातील दुसरी स्त्री, म्हणजे स्वतः कुरवंजी, मात्र निराळी आहे. ती चालून आलेली आहे, तिने देश पाहिले आहेत, आणि नायिकेला ठाऊक नसलेले तिला ठाऊक आहे. सरफोजीराजांना या पात्राचे मोल कळले होते असे दिसते. कारण त्यांच्या नावावर असलेल्या 'देवेंद्र कुरवंजी' या मराठी नाटकात कुरवंजी जगाचा भूगोल गीतांतून सांगते. ज्या काळी आपल्याकडे शाळेतील नकाशा ही वस्तूच नवी होती, त्या काळी पृथ्वीवरील खंडे आणि देश समजावून सांगण्याचे काम एका मराठी नाटकाने भटक्या स्त्रीच्या मुखी घातले. हा ग्रंथ १९५० साली तंजावरहून छापून प्रसिद्ध झाला. आणि त्याच वर्षी तिकडे मद्रासेच्या साप्ताहिकातून पूंगुळलीची होडी निघण्याच्या बेतात होती. या दोहोंत कार्यकारणाचा संबंध नाही. तथापि चाललेल्या वाटेमुळे शहाणी झालेली कुरवंजी आणि वल्हविलेल्या पाण्यामुळे शहाणी झालेली पूंगुळली या एकाच मातीतल्या स्त्रिया आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

आता प्रत्यक्ष पूंगुळलीकडे वळावे. कथेचा तरुण वीर वंदियदेवन राजकन्या कुंदवैचा गुप्त निरोप घेऊन लंकेकडे निघतो. तो घोडेस्वारीत पटाईत आहे, तलवारीत पटाईत आहे, आणि बोलण्यात तर त्याचा हात कोणी धरू शकत नाही. परंतु कोडिक्करैला आल्यावर त्याची ही सारी विद्या लंगडी पडते. तेथे भेटलेल्या पूंगुळलीच्या मागे तो धावतो आणि पाहता पाहता दलदलीत रुततो. जितकी धडपड करावी तितका तो खोल जाऊ लागतो. शेवटी तीच त्याला बाहेर ओढून काढते. कल्कींनी हा प्रसंग विनोदाने रंगविला असला तरी त्यातील मर्म गंभीर आहे. अंगातील जोर दोघांतही आहे. जमीन कोठे घट्ट आणि कोठे फसवी, हे ज्ञान मात्र एकीपाशीच आहे.

त्यानंतर रात्री ती त्याला आपल्या होडीतून लंकेकडे नेते. ज्याला पोहता येत नाही असा योद्धा होडीत बसलेला, आणि वल्हे मुलीच्या हाती, हे चित्र त्या काळच्या वाचकाला नवे होते. कथांतून नावेत नायिका पुष्कळदा बसली होती; नाव चालविणारा हात पुरुषाचा असे. येथे भूमिका उलट झाली, आणि तीही कोणतेही भाषण न करता झाली. पुढे भर तुफानात अरुळमोळी आणि वंदियदेवन मोडलेल्या गलबताच्या डोलकाठीला धरून लाटांवर तरंगत असतात, तेव्हा होडी घेऊन तेथे पोहोचते ती पूंगुळली. मग तापाने फणफणलेल्या राजपुत्राला किनाऱ्याच्या कालव्यातून नागपट्टणमच्या चूडामणी विहारापर्यंत सुखरूप नेण्याचे कामही तीच करते. या वेळी तिचा आत्तेभाऊ सेंदन अमुदन बरोबर असतो.

या सर्व प्रसंगांत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पूंगुळली पुरुषवेष धारण करीत नाही. आपल्या जुन्या कथांतून पराक्रम करावयाचा झाल्यास स्त्रीला पागोटे आणि अंगरखा घालावा लागे. जणू काही धैर्य हे त्या वस्त्रांतच शिवलेले असते. पूंगुळली आपल्या नेहमीच्या वेषात, आपल्या नावाने, आपल्या गावच्या पाण्यात उतरते. तिला कोणी वर दिलेला नाही, तिच्या कुळात राजरक्त नाही. वारा कोणत्या महिन्यात कोठून वाहतो, लाटेला होडीचे नाक कसे द्यावे, किती अंतर तोडून हात थकतात आणि थकलेल्या हातांनी आणखी किती जाता येते, हे तिने रोजच्या सरावाने आत्मसात केले आहे. खेळाडूच्या अंगी जे गुण मुरतात तेच हे गुण होत. आपल्या ताकदीचा नेमका अंदाज, भीती वाटत असताही श्वासाची लय न सोडण्याची सवय, आणि प्रतिपक्षाला, मग तो मल्ल असो की समुद्र, कमी न लेखण्याचा शहाणपणा यांत येतो. या शिस्तीतून तिचा स्वभाव घडला आहे. ती फटकळ आहे, मानी आहे. मोठ्या घरच्या माणसांसमोर तिची मान लवत नाही. जिला दोन देशांमधले पाणी एकटीने ओलांडता येते, तिला नकार देण्यासाठी दुसऱ्या कोणाचा आधार शोधावा लागत नाही.

ही कादंबरी साप्ताहिकात येत होती ती वर्षे भारतीय स्त्रीच्या दृष्टीने मोठी विलक्षण होती. राज्यघटनेने स्त्रीला पुरुषाच्या बरोबरीचे मत दिले. पण १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या तयार करताना सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे गाळावी लागली. कारण त्यांनी आपले नाव सांगण्याऐवजी अमक्याची आई, तमक्याची बायको एवढेच सांगितले होते. त्याच सुमारास, म्हणजे १९५१ च्या मार्चात दिल्लीला पहिले आशियाई सामने भरले. मुंबईच्या रोशन मिस्त्रीने १०० मीटर धावण्यात रौप्यपदक मिळविले, आणि भारतीय मुलींच्या चमूनेही ४ × १०० मीटर रिले शर्यतीत रौप्यपदक पटकावले. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला चार भारतीय मुली गेल्या. मेरी डिसूझा आणि नीलिमा घोष या धावपटू होत्या. डॉली नाझीर आणि आरती साहा या जलतरणपटू होत्या. आरतीला तेव्हा बारावे वर्षही पुरे झालेले नव्हते. पुढे १९५९ साली तिने इंग्लिश खाडी पोहून पार केली, आणि असे करणारी ती पहिली आशियाई स्त्री ठरली.

तथापि पाण्यात उतरणाऱ्या स्त्रीकडे समाज कोणत्या नजरेने पाही, हे मराठी प्रेक्षकांना त्यापूर्वीच चांगले ठाऊक होते. १९३८ साली आचार्य अत्रे यांच्या लेखणीतून उतरलेल्या आणि मास्टर विनायक यांनी दिग्दर्शित केलेल्या 'ब्रह्मचारी' या बोलपटात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोषाखात पडद्यावर आल्या. केवढा गहजब झाला! कोणी नाके मुरडली, कोणी पुनःपुन्हा तिकिटे काढली. ब्रह्मचर्याच्या आणि तालमीच्या अवडंबराची थट्टा करण्यासाठी काढलेला तो चित्रपट होता, आणि ती थट्टा चांगली साधलीही होती. परंतु चर्चा झाली ती पोषाखाची. त्या नायिकेला पोहता येते की नाही, याची फारशी कोणाला उत्सुकता नव्हती. मदनवल्लीच्या चेंडूपासून या तळ्यापर्यंत सव्वाशे वर्षे लोटली होती, पण प्रेक्षकाची नजर होती तेथेच होती. पूंगुळलीच्या बाबतीत मात्र लेखक वाचकाला काठावर उभा राहू देत नाही. तो त्याला होडीत बसवितो. आणि होडीत बसलेल्याला वल्हे मारणाऱ्या हातांकडे आशेने पाहावे लागते, शोभेसाठी नव्हे.

एवढे श्रेय दिल्यावर कादंबरीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. आत्या मंदाकिनीप्रमाणे पूंगुळलीचेही मन राजकुळात गुंतते, आणि त्या ओढीत तिचे पुष्कळसे दुःख साठलेले आहे. अखेरीस ती सेंदन अमुदनाशी विवाह करते. तोच खरा उत्तम चोळ असल्याचे उघड होते आणि कोडिक्करैची नावाडीण चोळांची राणी बनते. वाचकाला समाधान वाटते. पण राणीला राज्य मिळाले तेव्हा होडी कोणाच्या हाती गेली, हे कथा सांगत नाही. शिवाय या किनाऱ्यावरील प्रत्यक्ष जीवन पाहिले तर पूंगुळली हा अपवादच म्हणावा लागेल. कोळी वस्त्यांतून होडी पुरुषांची, आणि किनारा व बाजार स्त्रियांचा, अशी कामाची वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी कावेरीला पूर येतो म्हणून खोऱ्यातील गावोगावच्या स्त्रिया नदीची पूजा करतात. कादंबरीचा आरंभही याच सणाच्या दिवशी होतो. पण नदीला फुले वाहणे ही एक गोष्ट आहे आणि नदीत अंग टाकण्याची विद्या ही दुसरी. पहिली मुलीला आग्रहाने शिकविली जाते; दुसरी, शिकली तर, ती आपली आपण शिकते, आणि वयात आल्यावर तीही पुष्कळदा सुटते.

ही उणीव किती महाग पडू शकते, हे २६ डिसेंबर २००४ रोजी दिसून आले. त्या सकाळी त्सुनामीच्या लाटा याच किनाऱ्यावर आदळल्या. तमिळनाडूत सर्वांत मोठी हानी नागपट्टणम जिल्ह्याची झाली. कोडिक्करैला चोळांच्या काळचा म्हणून दाखविला जाणारा जुना दीपस्तंभ पडक्या अवस्थेत उभा होता. त्याचे अवशेषही त्या लाटांनी नेले. ऑक्सफॅम या मदतकार्य करणाऱ्या संस्थेने १९०५ नव्हे तर आपल्याच काळात, २००५ च्या मार्चात, या संहाराचा स्त्रियांवर झालेला परिणाम नोंदविला. नागपट्टणम जिल्ह्यात २,४०६ स्त्रिया आणि १,८८३ पुरुष मृत्युमुखी पडल्याचे त्यात म्हटले होते. शेजारच्या कडलूर जिल्ह्यात तर ३९१ स्त्रिया आणि १४६ पुरुष असे प्रमाण होते. भारताच्या किनाऱ्यावर याचे एक कारण असे की पुरुष होड्या घेऊन खोल समुद्रात गेले होते, जेथे लाट फारशी जाणवली नाही. आणि स्त्रिया मासळी उतरवून घेण्यासाठी किनाऱ्यावर वाट पाहत थांबल्या होत्या. लंकेच्या बाबतीत आणखी एक कारण पुढे आले. पोहणे आणि झाडावर चढणे या गोष्टी तेथे मुख्यतः मुलग्यांना शिकविल्या जात. त्यांच्याच जोरावर पुष्कळ पुरुष वाचले.

पूंगुळलीची होडी ज्या दोन किनाऱ्यांमध्ये ये-जा करीत होती, तेच हे दोन किनारे. कादंबरीकाराने पन्नास वर्षांपूर्वी जे कसब आपल्या मानसकन्येला दिले होते, ते किनाऱ्यावरच्या जित्याजागत्या मुलींना मिळावे असे कोणाच्या मनात आले नाही. पोहणे आले असते तर त्या सर्व स्त्रिया वाचल्या असत्या असे कोणी म्हणणार नाही. तसल्या लाटेपुढे पट्टीच्या पोहणाऱ्याचाही इलाज चालत नाही. परंतु धावणे, चढणे, पोहणे, वल्हविणे हे मुलीच्या बाबतीत हौसेचे किंवा चालीरीतीला धरून नसलेले प्रकार मानावयाचे आणि मुलाच्या बाबतीत सहजशिक्षण मानावयाचे, हा भेद निरुपद्रवी नाही, एवढे त्या आकड्यांनी निर्विवाद दाखविले. मुलीला खेळू न देण्याने केवळ एखादे पदक हुकत नाही. संकटाच्या वेळी स्वतःच्या हातापायांवर विसंबण्याचा तिचा हक्कच हिरावला जातो.

यानंतरच्या काळात पाण्यावरील चित्र काही अंशी पालटले आहे. १० सप्टेंबर २०१७ रोजी भारतीय नौदलातील सहा स्त्री अधिकारी 'तारिणी' या शिडाच्या नौकेतून गोव्याहून निघाल्या. वर्तिका जोशी त्यांच्या प्रमुख होत्या. सबंध पृथ्वीला प्रदक्षिणा घालून २१ मे २०१८ रोजी त्या गोव्यालाच परत आल्या. २०२४ च्या ऑक्टोबरात त्याच नौकेवर दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच निघाल्या आणि २०२५ च्या मे महिन्यात तीच प्रदक्षिणा पुरी करून आल्या. दरम्यान २०२२ आणि २०२३ साली मणिरत्नम यांनी 'पोन्नियिन सेल्वन' दोन भागांत पडद्यावर आणली, तेव्हा तमिळ न जाणणाऱ्या लाखो प्रेक्षकांनीही पूंगुळलीला होडी वल्हविताना पाहिले. सरफोजीराजांच्या कुरवंजीने जगातील खंडांची नावे गाऊन दाखविली होती. तारिणीवरील स्त्रियांनी त्या खंडांना वळसा घातला.

असे असले तरी पूंगुळलीची खरी कसोटी पृथ्वीप्रदक्षिणेत नाही. ती कावेरीकाठच्या गावातील तळ्यावर आहे, कोकणातील खाडीवर आहे, कृष्णा-गोदावरीच्या घाटांवर आहे. तेथे सुट्टीच्या दिवशी बाप किंवा थोरला भाऊ मुलाच्या कमरेला सुकडी बांधून त्याला पाण्यात सोडतो, आणि त्याची बहीण काठावर कपडे राखीत बसते. ज्या दिवशी ती सुकडी बहिणीच्याही कमरेला बांधली जाईल, आणि त्याचे कोणाला नवल वाटणार नाही, त्या दिवसापासून कोडिक्करैच्या या मुलीला कल्पनेतील म्हणण्याचे कारण उरणार नाही.